फोटोग्राफीत यश कशाला म्हणायचं? नाशिकच्या एका फोटोग्राफरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वय 31. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून चार वर्षं झाली, आता नाशिकमध्ये लग्नांची फोटोग्राफी. वर्षाला तीसेक ऑर्डर, इन्स्टाग्रामवर 38,000 फॉलोअर्स, दोन आंतरराष्ट्रीय सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, फोटो घेतले गेलेत. शिवाय गोदाघाटावर स्वतःच्या हौसेनं काम चालू आहे. तरी आपण यशस्वी आहोत की नाही हे कळत नाही. नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले वडील दर महिन्याला विचारतात, सेटल कधी होणार. 2027 च्या सिंहस्थात एखादा असा फोटो मिळावा की नाव व्हावं, असंही वाटतं. स्वतःपुरती यशाची व्याख्या कशी ठरवायची?

तुम्ही एका पाकिटात दोन प्रश्न घालून पाठवले आहेत. धंदा चालतोय का, हा एक. आणि जे फोटो काढतोय ते आपले वाटतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वहीत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर फोटो समोर मांडून बसल्यावर मिळतं. बहुतेकांचा घोळ होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे. सीझन तेजीत गेला की आपल्याला नजर आहे याची खात्री पटते, आणि एप्रिलमधल्या दोन ऑर्डर रद्द झाल्या की घाटावर मन लावून काढलेले फोटोही फालतू दिसायला लागतात. फोटो तेच असतात. नाव, बक्षिसं, फॉलोअर्स ही तिसरी गोष्ट, तिच्याकडे नंतर येतो.

आधी वही, कारण आपल्या मंडळींना सगळ्यात जास्त लाज तिचीच वाटते. लेन्सच्या धारदारपणावर तासभर बोलतील, पण एका ऑर्डरमागे हातात किती राहतात हे विचारलं की गप्प.

तुमचेच आकडे घेऊ. 30 ऑर्डर, सरासरी 85,000 रुपये, म्हणजे साडेपंचवीस लाखांची उलाढाल. मित्रांत सांगायला छान आकडा आहे. आता खाली उतरा. ट्रॅडिशनलवाला (विधींचे नि ग्रुपचे नेहमीचे फोटो काढणारा), व्हिडिओवाला, ड्रोनवाला, एडिटर, अल्बम, गाडीभाडं मिळून ऑर्डरमागे 45,000 जातात असं तुम्ही लिहिलंय. झाले साडेतेरा लाख. उरले बारा. कॅमेऱ्याच्या बॉडी, लेन्स, फ्लॅश, कॉम्प्युटर मिळून नऊ लाखांचं सामान पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाची झीज 1.80 लाख. स्टुडिओचं भाडं महिना 12,000, म्हणजे वर्षाला 1.44 लाख. हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, विमा, जाहिरात, सीएची फी यांचा लाखभर. हातात राहतात 7.76 लाख. त्यासाठी दिवस किती जातात? लग्नाचे दोन, भेटीगाठी नि प्रवासाचा एक, निवड-एडिटिंग-अल्बमचे चार. ऑर्डरमागे सात दिवस, वर्षाला 210. दिवसाला सुमारे 3,700 रुपये पडतात.

वाईट नाही. पण पुढे खड्डा आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, आणि फोटोग्राफीवर दर 18 टक्के आहे. तुम्ही क्लायंटला 'सगळं धरून 85,000' असा भाव सांगत असाल, तर त्यातले जवळपास 13,000 तुमचे नाहीतच. तीस ऑर्डरचे होतात 3.89 लाख. कॅमेरा, अल्बम यांच्या खरेदीवर भरलेल्या कराची काही वजावट मिळेल, तरी त्या 7.76 लाखांचा मोठा लचका गेला. छोट्या सेवा-व्यावसायिकांसाठी 50 लाखांपर्यंत 6 टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे, पण तिच्या अटी आहेत, तीत क्लायंटकडून कर वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरची वजावटही सुटते. दोन्हीपैकी काय परवडतं ते सीएबरोबर एक दुपार बसून ठरवा.

यशाच्या प्रश्नात हा हिशेब का आणला? कारण स्वतःला अपयशी समजणारे जे तरुण फोटोग्राफर माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे फोटो उत्तम असतात. भाव चुकलेला असतो, एवढंच. भाव चुकला असेल तर भाव बदलायचा. त्यासाठी रात्र रात्र स्वतःच्या प्रतिभेची चिरफाड करायची गरज नाही. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. दणकून कमावणारे आणि गेल्या पाच वर्षांत एकही नवा फोटो न काढलेले लोक मला माहीत आहेत. तेच दुपट्ट्याखालचं चुंबन, तेच धुराचे नळे, तीच पाठमोरी जोडी.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा: 'एवढे पुरेत' असा एक आकडा कागदावर लिहा. घरखर्च, हप्ते, आरोग्य विमा, म्हातारपणासाठीची बचत, दर पाच वर्षांनी बदलायचं सामान, आणि सहा महिने काम नाही मिळालं तरी चालेल एवढी गंगाजळी. हा तळ. त्याच कागदावर छतही लिहा: वर्षाला इतक्या ऑर्डरच्या वर एकही घ्यायची नाही. छत नसलेला फोटोग्राफर चाळिशीत कंबर नि गुडघे घेऊन डॉक्टरकडे बसतो. दोन बॉडी खांद्यावर टाकून सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत उभं राहणं हे अंगमेहनतीचं काम आहे. पन्नाशीत हेच काम कसं करणार, कुणाला हाताशी घेऊन करणार, याचा विचार तिशीत करायला हवा.

आणि वर्ष सारखं नसतं, हे नोकरीतून आलेल्या माणसाला उशिरा कळतं. तुळशीची लग्नं लागली की आपली सुगी सुरू. पौषात सामसूम, माघापासून ज्येष्ठापर्यंत धावपळ, आषाढी एकादशीनंतर चातुर्मास. मध्येच अधिक महिना येतो. 2026 चा अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्येच आहे, म्हणजे ऐन हंगामात. शिवाय सिंहस्थात, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना, लग्न नको म्हणणारी घरं अजून आहेत, आणि गोदावरीकाठी ती जरा जास्तच असणार. तेव्हा 2027 मध्ये तुमच्या ऑर्डर कमी झाल्या तर ते तुमचं अपयश समजू नका. पंचांग बघा, आणि त्या वर्षाची तजवीज आत्तापासून करा.

लग्नाच्या कामात यश कशाला म्हणायचं याबद्दल माझं मत ठाम आहे, आणि ते अल्बमच्या कव्हरवरच्या फोटोशी जुळत नाही. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी फोटोची शोधाशोध सुरू होते. पेपरातल्या निधनवार्तेसाठी हवा, दहाव्याला ठेवायला हवा, मग मोठा करून हार घालून भिंतीवर लावायला हवा. सापडतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढलेला. खांद्यावर शेजारच्याचा अर्धा हात तसाच, मागे स्टेजची फुलं, आणि एलईडी वॉलचा निळा उजेड गालावर.

म्हणून माझ्या टीमचा नियम आहे. हळदीच्या सकाळी, गडबड सुरू व्हायच्या आत, दोन्हीकडच्या सगळ्या वडीलधाऱ्यांचा एकेकट्याचा फोटो काढायचा. खिडकीच्या किंवा ओसरीच्या उजेडात, मागे साधी भिंत बघून. आजोबांना टोपी हवी असेल तर टोपी, आजीला पदर सावरायला वेळ द्यायचा, चष्म्यावर चकाकी येऊ द्यायची नाही, आणि 'हसा, हसा' म्हणून मागे लागायचं नाही. पॅकेजमध्ये याचा उल्लेख नसतो. क्लायंट मागत नाही, रीलमध्ये हे जात नाही. दहा-पंधरा वर्षांनी जे फोन येतात ते मात्र या फोटोंसाठी येतात. सप्तपदीच्या फोटोची दुसरी प्रत मागायला फोन आल्याचं मला आठवत नाही.

फोन आला तेव्हा फाइल सापडली पाहिजे, हा यातला कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. फोल्डरला तारीख, गाव, दोन्हीकडची आडनावं. डीव्हीडीवर जपलेलं सगळं सुरक्षित आहे असं समजून बसलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांच्या तबकड्या आज कुठल्याच यंत्रात वाचल्या जात नाहीत. हार्ड डिस्कही मरते, आणि मरायच्या आधी निरोप देत नाही. ज्याचा साठा नीट लावलेला आहे तो फोटोग्राफर वीस वर्षांनी श्रीमंत असतो; बँकेत काय आहे ते वेगळं.

आता नावाकडे.

38,000 लोकांनी तुमचं पान धरून ठेवलंय याचा उपयोग ऑर्डर मिळायला होतो. त्याला व्हिजिटिंग कार्ड समजा. पण ते कार्ड तुमच्या मालकीचं नाही. कंपनीनं उद्या नियम बदलला, फोटोंपेक्षा व्हिडिओ पुढे ढकलायचं ठरवलं, की तुमचं 'यश' एका रात्रीत अर्ध्यावर येतं आणि तुम्ही तर काहीच केलेलं नसतं. त्यावर जे फोटो टाकता तेही कायद्यानं तुमचेच असतात असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचा. कुणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढवून घेणारा असतो. म्हणजे वधूच्या वडिलांनी 'आमचे फोटो काढून टाका' म्हटलं, तर कायदा त्यांच्या बाजूचा आहे. ऑर्डर घेताना जो कागद करता त्यात दोन ओळी घाला: हक्क कुणाचे, आणि स्वतःच्या प्रसिद्धीसाठी कुठले फोटो वापरायला परवानगी. तोंडी 'चालेल हो' वर विसंबू नका. आणि कागद असला तरी कुणी नको म्हणालं तर काढून टाका; गाव लहान असतं.

सलॉनबद्दल माझं मत काहींना कडू लागेल. त्यांत भाग घेतल्यानं हात सुधारतो, प्रिंट कशी असावी हे कळतं, चार जाणती माणसं भेटतात. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया 1937 पासून हे काम करते आहे, आणि अशा मंडळांमुळे छोट्या गावांतल्या कितीतरी पोरांना पहिल्यांदा चांगले फोटो बघायला मिळाले. पण पुढे नावामागे पदवीची अक्षरं लावण्यासाठी अॅक्सेप्टन्स, म्हणजे फोटो निवडला गेल्याच्या नोंदी, गोळा करायचा छंद लागतो, प्रत्येक प्रवेशाला फी असते, आणि परीक्षकांना काय चालतं त्याचे साचे तयार होतात. दिवे घाटातलं वारीचं वळण, सोमवतीला जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेला भंडारा, पट्टणकोडोलीची पिवळी जत्रा, बावधनचं बगाड. या जागा सुंदर आहेत याबद्दल वाद नाही. पण दिवे घाटात त्या दिवशी ज्या कड्यावर तुम्ही उभे असता तिथे शंभर कॅमेरे असतात, आणि शंभरही जणांना जवळपास तोच फोटो मिळतो. त्या शंभरांत आपला निवडला गेला, तर ती आनंदाची गोष्ट आहे. पेढे वाटा. करिअर त्यावर तोलू नका.

मोठ्या बक्षिसांचंही तेच. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेत गेलेल्या, पुरल्या जाणाऱ्या एका बाळाचा चेहरा पाब्लो बार्थोलोम्यू आणि रघु राय या दोन्ही फोटोग्राफरांनी टिपला. बार्थोलोम्यूंच्या रंगीत फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत त्या वर्षीचा सर्वोत्तम फोटो म्हणून मान मिळाला. राय यांचा कृष्णधवल फोटो आजही त्या दुर्घटनेची ओळख म्हणून समोर येतो. एकच जागा, एकच चेहरा, दोन फोटो, बक्षीस एकालाच. दुसऱ्याचं त्यामुळे काही बिघडलं नाही. आणि ज्याचा चेहरा जगानं पाहिला त्या बाळाचं नाव आजतागायत कुणाला कळलेलं नाही. अशा ठिकाणी 'यशस्वी फोटो' हा शब्दप्रयोग माझ्या तोंडून निघत नाही.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची गोष्ट तुमच्या वयाच्या लोकांनी जरूर वाचावी. नवसारीत 1913 साली जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. पुढे दिल्लीत जाऊन स्वातंत्र्याच्या आगेमागची सगळी मोठी माणसं त्यांनी टिपली. 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवून दिला, कारण भोवतीच्या नव्या फोटोग्राफर मंडळींची वागण्याची तऱ्हा त्यांना रुचेना. त्यानंतर चार दशकं त्या या धंद्यात नव्हत्या. वडोदऱ्यात साधेपणानं राहत होत्या. पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी. तो सन्मान आलाच नसता तरी 1970 मधला निर्णय योग्यच राहिला असता, असं मला वाटतं. हे काम कोणत्या अटींवर करायचं आणि कधी थांबायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं, आणि इतकी मोकळीक या धंद्यात फार थोड्यांना घेता येते.

याउलट व्हिव्हियन मायरचं उदाहरण हल्ली ऊठसूट दिलं जातं. शिकागोत मुलं सांभाळणारी बाई, लाखभर निगेटिव्ह, 2007 मध्ये लिलावात निघालेलं तिचं सामान, आणि मृत्यूनंतर जगभर नाव. 'बघा, ती फक्त स्वतःसाठी फोटो काढायची.' तिनं ते का दाखवले नाहीत हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या गप्प राहण्यातून आपल्याला सोयीची शिकवण काढणं मला पटत नाही.

मला स्वतःला जवळचा वाटतो तो फ्रेंच फोटोग्राफर युजीन आत्जे. पॅरिसमध्ये हा माणूस जड लाकडी कॅमेरा घेऊन पहाटे फिरायचा. दुकानांच्या खिडक्या, जिने, दारांच्या कड्या, अंगणं, फेरीवाले. दारावर पाटी होती ती 'कलाकारांसाठी दस्तावेज' अशा अर्थाची. चित्रकारांना, सजावटकारांना, ग्रंथालयांना तो फोटो विकायचा, त्यावर त्याचं घर चालायचं. 1920 मध्ये त्यानं अडीच हजारांवर निगेटिव्ह फ्रेंच सरकारला 10,000 फ्रँकला विकल्या, आणि त्या वेळच्या पत्रात लिहिलं की जुनं पॅरिस सगळं माझ्यापाशी आहे असं मी म्हणू शकतो. 1926 मध्ये मॅन रे या कलाकारानं त्याचा एक फोटो सररिअलिस्टांच्या (स्वप्नासारखी कला करणाऱ्या गटाच्या) नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर घेतला, तर हा म्हणाला, माझं नाव घालू नका. पुढच्याच वर्षी तो गेला. बेरेनीस अॅबट या अमेरिकन फोटोग्राफर बाईनं त्याचा उरलेला साठा वाचवला, 1968 मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं घेतला, आणि आज आत्जेशिवाय फोटोग्राफीचा इतिहास शिकवता येत नाही.

त्याच्या मरणोत्तर कीर्तीसाठी मी हे सांगत नाहीये. त्या पत्रातलं वाक्य बघा. त्याच्याकडे कामाची हद्द होती: जुनं पॅरिस. काम कुठवर आलं हे त्याचं त्याला सांगता येत होतं. त्यासाठी ना परीक्षक लागला, ना समीक्षक. आणि पोटासाठी काढलेले फोटो आणि स्वतःचे फोटो यांत त्यानं भिंत घातली नव्हती. एकाच विषयातून दोन्ही निघत होते. सगळ्यांना हे जमत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं ते वृत्तपत्रातल्या छायाचित्रकाराच्या नोकरीबरोबर. पगार एकीकडून, ध्यास दुसरीकडे. दोन्ही रचना चालतात. तुमची कुठली हे तुम्हाला ठरवावं लागेल. माझी ओलवेंसारखी आहे: लग्नं आणि साखर कारखान्यांची कामं घर चालवतात, आणि मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचे फोटो मी कुणी न मागता काढतो. भोपळा कापण्यापासून तारा चढवण्यापर्यंत सगळं, आणि ते कारागीर म्हातारे होत जाताना.

आता तुम्ही पाठवलेल्या गोदाघाटाच्या फोटोंबद्दल. बरेचसे असे आहेत की चांगला कॅमेरा असलेला कुणीही पर्यटक काढेल. रामकुंडावरची आरती, पाण्यातले दिवे, धुक्यातला साधू. तंत्र चोख आहे, पण त्यात तुम्ही दिसत नाही. त्यांच्यात एक छोटी मालिका आहे जी तुम्ही 'सहज म्हणून' पाठवली आहे: दुतोंड्या मारुती (घाटावरची मोठी मूर्ती), तीन पावसाळे, एकाच पायरीवरून. पाणी पायाशी, कमरेशी, छातीशी. काठावर मोबाइल घेऊन उभी असलेली माणसं दर वर्षी वेगळी, चहाची टपरी एका वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी नाही. मी ती तीनदा बघितली. पूर किती आला हे नाशिककर त्या मारुतीवरून सांगतात, त्यामुळे ही जागा बाहेरच्या फोटोग्राफरला सुचणारच नाही. हे वीस पावसाळे केलंत तर त्याची किंमत आज करता येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायची माझी पद्धत अशी. श्रावणात, काम कमी असताना, वर्षभरातले चाळीस-पन्नास फोटो लॅबमधून साध्या पोस्टकार्ड आकारात छापून आणतो. स्क्रीनवर बघत नाही, तिथे सगळंच चमकतं. जमिनीवर मांडतो आणि नको ते उचलून बाजूला करायला लागतो. ज्याला लाइक जास्त मिळाले म्हणून आवडतो तो उचलायचा. जो काढायला फार कष्ट पडले म्हणून आवडतो तोही उचलायचा, कारण कष्ट फोटोत दिसत नाहीत. जो दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोसारखा दिसतो म्हणून आवडतो तो आधी उचलायचा. उरलेले गेल्या वर्षीच्या उरलेल्यांशेजारी ठेवायचे. काही नवं दिसतं का? एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा येते का, जी आपण ठरवून आणली नव्हती? एखाद्या वर्षी पाच उरतात, एखाद्या वर्षी एकही नाही. एकही न उरलेल्या वर्षी धंदा जोरात असू शकतो. म्हणूनच दोन हिशेब वेगळे ठेवायला सांगतोय. ज्या फोटोंत माणसं आहेत त्यांच्या मागे नाव, ठिकाण, तारीख पेन्सिलनं लिहा, फाइलमध्येही भरा. नाव विचारायला लाज वाटत असेल तर तो फोटो काढायची घाई करू नका.

सिंहस्थाचं काय करायचं? शाहीस्नानाच्या दिवशी जगभरचे फोटोग्राफर येतील. वैष्णव आखाडे रामकुंडावर, शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, बॅरिकेडच्या आत ओळखपत्रवाले, बाहेर लाखोंची गर्दी. भस्म लावलेला नागा साधू पाण्यात उडी घेतोय, हा फोटो त्या दिवशी किती हजार वेळा निघेल ते सांगता येत नाही. तुम्हीही काढा, हौस मारू नका. पण तुमच्यापाशी जे आहे ते त्यांच्यापाशी नाही: तुम्ही तिथे आधीही असता आणि नंतरही. तपोवनात साधुग्रामासाठी जमीन कशी मोकळी होते, कुणाचं शेत जातं, घाटाची नवी फरशी कोण बसवतं, फुलवाल्या मावशी त्या महिन्यात कुठे बसतात, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, कंत्राटी सफाई कामगारांची पहाट. आणि सगळे निघून गेल्यावरचा आठवडा. बाहेरून आलेल्या एकाही फोटोग्राफरचं परतीचं तिकीट त्या आठवड्यानंतरचं नसतं. 2015 च्या सिंहस्थातले स्नानाचे फोटो लाखांनी असतील; त्यानंतरच्या रिकाम्या तपोवनाचे शोधायला बसा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. हे काम सुरू करायला 2027 ची वाट बघायची नाही. पुढच्या आठवड्यात सुरू होऊ शकतं.

वडिलांना मात्र यातलं काही सांगू नका. त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो रास्त आहे. ज्या माणसानं आयुष्यभर पहिल्या तारखेला पगार घेतला, त्याला फॉलोअर्स दाखवून काय होणार? त्यांच्यासमोर कागद ठेवा. मागची तीन आयकर रिटर्न, आरोग्य विम्याची पॉलिसी, सहा महिन्यांच्या खर्चाची मुदत ठेव, आणि जून ते ऑक्टोबर घर कसं चालतं त्याचा तक्ता. उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात तर बँकही जवळपास हेच मागेल. स्वयंरोजगारवाल्याकडून साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न बघितल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. तुम्ही लिहिलंय की अॅडव्हान्स बऱ्याचदा रोख घेता. जो पैसा खात्यात आला नाही आणि रिटर्नमध्ये दाखवला नाही, तो बँकेच्या लेखी तुम्ही कमावलेलाच नाही, आणि आयकर खात्याच्या लेखी तर प्रकरण आणखी वाईट. तुळशीच्या लग्नांआधी ही सवय बदला. पावती पुस्तक छापून घ्या, सगळी रक्कम खात्यात घ्या, आणि पहिल्या तिमाहीचे आकडे आले की पुन्हा लिहा.